लेबलावरची बाई

पिशवीच्या आतल्या शिवणीला एक लेबल आहे.
भाच्यानं हिमालयात वापरून दिलेली पिशवी, दोनदा धुतलेली.
आरामदायक: पाच अंश.
मर्यादा: शून्य.
तिसरा आकडा धुण्यात गेला,
त्याच्याआधीचं वजाचं चिन्ह तेवढं राहिलंय.

तलावाच्या पाळीवर आम्ही दोघी.
पहाटे पाणपक्षी मोजायचे म्हणून मुक्काम.
मी गोंदियाच्या पतसंस्थेत रोखपाल,
आकडा छापलेला दिसला की विश्वास ठेवायची सवय.
फगनीबाई टेकाम वनखात्याच्या रोजंदारीवर:
टॉर्च, कुऱ्हाड, सुनेची जुनी शाल.

"काय लिवलं आहे जी त्याच्यावर?"
म्हटलं, पाच अंशांपर्यंत
एक बाई यात सुखानं झोपू शकते.
ती शेकोटीत काटकी सरकवत राहिली.
मग म्हणाली, "कोनती बाई?"

भाच्यानं सांगितलं होतं तेवढं सांगितलं.
एक पुतळा असतो, त्याच्या अंगात तारा, तारांत वीज.
थंड खोलीत त्याला पिशवीत घालतात
नि मोजतात, ऊब टिकवायला किती जळते.
त्यावरून हिशोब, बाईचा वेगळा, बुवाचा वेगळा.
शून्य हा बुवाचा, तोही पाय पोटाशी घेऊन.
"अन् तो पुसलेला?"
तो जिवंत राहण्याचा. झोपेचा नाही.

"पुतळ्याच्या खाली काय आंथरते?"
जाड चटई, म्हटलं.
माझ्याखाली पतसंस्थेच्या सभेतली सतरंजी होती.

पुतळा दिवसभर बांधीच्या चिखलातून चालत नाही.
रात्री उठावं लागेल म्हणून पाणी कमी पीत नाही,
संध्याकाळी दोन पोळ्यांवर भागवत नाही.
त्याची पाळी जाऊन तीन वर्षं झालेली नसतात,
एकाच तासात घाम आणि हुडहुडी.
आणि पिशवी ऊब देत नाही, हे मला दोन वाजता कळलं.
लॉकरसारखी असते ती.
ठेवलं तेवढंच. व्याज नाही.

थंडी वरून आलीच नाही.
खालून आली, मणका धरून,
जिथं माझ्याच वजनानं पिसं चेपून
कागद झाली होती.
तोंड आत घेतलं तर श्वासानं कापड दमट.
बाहेर ठेवलं तर नाक माझं राहिलं नाही.

मग पाठीखाली काही खुपसलं गेलं.
"सरक. अशी सरक."
धुऱ्यापलीकडच्या पुंजण्यातलं तणस,
दोन पेंढ्या, मग आणखी दोन, धानाचा वास.
"वले मोजे काढ." पायांशी माझीच बाटली आली,
गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळलेली.
"अन् हा गूळ खा. जळाले सरपन त पायजे."

मग तिनं पिशवी चिमटीत धरून पाहिली.
"याच्यात भरलं काय आहे?"
पिसं. बदकांची. पोटाखालची, मऊ.
ती पाण्याकडं वळली.
तिथं काळोखात पाचशे की सहाशे,
माना पंखांत खुपसून, आपापल्या पिशवीत.
"त्याईले नाई ना सांगितलं?"

हसताना ऊब बाहेर जाते, असं कुठं लिहिलेलं नाही.
गेली थोडी.

पहाटे थर्मामीटर सहावर.
म्हणजे हिशोबानं मी रात्रभर सुखात होते.
तक्त्यात लिहिलं: अडई दोनशे दहा,
लालसरी चौऱ्याण्णव, तलवार बदकं नीट दिसली नाहीत, धुकं.
शेरा या रकान्यात: तणस.
वरून विचारणा आली तर बघू.

"तुम्हाला नाही वाजली थंडी?"
तिच्या शालीवर दव होतं, खांद्यापाशी पांढरं.
ती राख उकरत होती, खाली निखारा उरलाय का बघत.
"मले कोनं झोपाले सांगितलं होतं?
मी त जागलीवर होती."