चार महिने कमी

फुजैराच्या तेलटाक्यांच्या गेटवर
काल मला पाच वर्षांच्या सेवेबद्दल
काचेचा एक ठोकळा मिळाला.
आत कोरलेलं जहाज,
खाली नाव: महापती तुपारे.
महिपती, मी म्हणालो.
एचआरचा शाजी म्हणाला, भाई, काचेवरचं खोडता येत नाही.
हिरव्या क्रीमचा केक. टाळ्या.
दोनची पाळी दोनलाच सुरू झाली.

पलटणीत नऊ वर्षांना पदक असतं.
माझी भरली आठ वर्षं, आठ महिने.
सुभेदारसाहेबांनी अर्ज दोनदा परत केला,
म्हणाले, तुपारे, चार महिने कळ काढ,
छातीवर एक फीत वाढेल.
मी म्हणालो, साहेब, तिचं रक्त
सोमवारी आणि गुरुवारी धुवावं लागतं.
ते बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिले,
मग सही केली.

डिस्चार्ज बुकात लिहिलंय:
चारित्र्य, अनुकरणीय.
कारण, स्वतःच्या विनंतीवरून, घरगुती.
घरगुती.
जसा काही मी लोणचं घालायला परत आलो होतो.

अडकूरहून गडहिंग्लज, पहाटे साडेचारला किक.
जाताना ती बोलायची,
कुणाची म्हैस व्याली, कुणी बांध कोरला.
येताना मान टाकायची माझ्या पाठीवर,
म्हणून किटबॅगेच्या पट्ट्यानं तिला कमरेशी बांधून घ्यायचो.
लोक बघायचे. बघू देत.
चार वर्षं, आठवड्याला दोन:
चारशे सोळा फेऱ्या.
त्यातल्या तीन चुकल्या,
दोन पुरात, एक मशीन बंद म्हणून.
त्या तिसऱ्या दिवशी मी तंत्रज्ञाची कॉलर धरली होती.
हे कुठल्या बुकात नाही.

समोरच्या केबिनमध्ये गुलरेज खटक असतो.
तोही फौजी, पलीकडच्या बाजूचा.
कुठल्या चौकीवर होतास,
हे आम्ही एकमेकांना कधी विचारलेलं नाही.
बापाचे डोळे गेले आणि भाऊ परागंदा, म्हणून तो सुटून आला.
काल केक खाताना म्हणाला, कितना कम पडा?
चार महिने.
त्यानं थर्मासचं झाकण फिरवलं, परत उलटं फिरवलं.
मेरा ग्यारह दिन.
अकरा दिवस!
मला हसू फुटलं, मग त्यालाही,
इतकं, की बॅरियरपाशी थांबलेला टँकरवाला
हॉर्न वाजवायचा विसरून आमच्याकडे बघत बसला.

तिच्यासाठी आलो होतो.
ती गेली, दवाखान्याची बाकी राहिली,
आणि जे फौजेसाठी चार महिने केलं नाही
ते या टाक्यांसाठी पाच वर्षं केलं.
पोरगी नेसरीला, माझ्या बहिणीकडे.
रात्री व्हिडिओवर तिला ठोकळा दाखवला,
उजेडात धरून, जहाज दिसेल असा.
कशाबद्दल दिला?
पाच वर्षं इथं राहिलो म्हणून.
म्हंजे घरी नव्हतास म्हणून?
तेवढ्यात नेट गेलं.
किंवा मी जाऊ दिलं.

डिस्चार्ज बुकाच्या मधल्या पानात,
जिथं पदकाचा कागद असता,
तिची डायलिसिसची कार्डं आहेत.
फेल्सी सिस्टरचे जांभळे शिक्के,
सोम, गुरू, सोम, गुरू,
कुठं ठळक, कुठं शाई संपत आलेली.
मी ती कुणाला दाखवत नाही.
खटकला दाखवली एकदा.
त्यानं हात पँटला पुसून मगच घेतली.

ठोकळा आता नोंदवहीवर ठेवलाय,
एसीच्या वाऱ्यानं पानं उलटतात म्हणून.
बाहेर नांगरलेल्या जहाजांचे दिवे,
मागं डोंगर, दिवसाचं ऊन अजून सोडत असलेला.
एक चाळीस. टँकर आत, रिकामा.
चालकाचं नाव मी दोनदा विचारतो
आणि नीट लिहितो.