अक्षरामागे पन्नास बैसा

रुवीत, घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत,
टेलर आणि टायपिंग सेंटर यांच्या मधल्या चिरेत
माझं दुकान : ढाली, करंडक, रबरी शिक्के.
अक्षरामागे पन्नास बैसा.
मोकळ्या जागेचे पैसे घेत नाही.

बँकेचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला,
देशात इंग्रजी लेखन रुजवायचंय,
गलबताच्या आकाराचा करंडक हवा.
मी म्हटलं, रुजवायचं तर कुंडी घ्या की.
तो हसला नाही. आगाऊ रक्कम मात्र दिली.

पहिल्या वर्षी तेवीस कथा आल्या
(हे त्याचा ड्रायव्हर सांगतो, तो सगळं सांगतो).
जिंकली झांझिबारहून परतलेल्या आजोबांची गोष्ट.
दुसऱ्या वर्षी आल्या तीनशे चार,
आणि निम्म्यांचे आजोबा झांझिबारहून परतले.
एवढे म्हातारे एका गलबतात,
बुडालं कसं नाही कोण जाणे.
लंडनहून आलेल्या पंचांना म्हणे
समुद्राचं वर्णन फार आवडलं.

तिसऱ्या वर्षीचं नाव मी चुकीचं कोरलं.
रय्या अल-माअमरी. इंग्रजीत एक वाय कमी पडला.
ती स्वतःच आली, निझव्याहून, पाण्याच्या खात्यातून रजा काढून.
काउंटरवर पन्नास बैशाची नोट ठेवली : एक अक्षर वाढवा.
मशीन तापेपर्यंत बसली, चहा घेतला.
मी विचारलं, या पितळेनं लिहिता येतं का माणसाला?
म्हणाली, नाही. सात वर्षं लिहीतच होते.
पण आता मी खोलीचं दार लावलं
की मामी ते उघडत नाही.

एवढंच?
एवढं काही थोडं नाही, म्हणाली.

माझी मेहरू इथलीच. इथल्या इस्पितळात जन्मली,
वादी कबीरच्या शाळेत शिकली, भांडते इंग्रजीतच.
तिनंही कथा लिहिली. अर्जात चौथं कलम :
स्पर्धक देशाचा नागरिक असावा.
दापोलीत ती पाहुणी, इथे ती शिक्का मारलेलं पान.
अब्बा, मग मी कुठल्या देशाचं इंग्रजी लिहिते?
शिक्के मीच बनवतो, पण याचं उत्तर
माझ्या कुठल्याच खणात नव्हतं.

तिची कथा मला धड वाचता येत नाही.
अक्षरं सगळी येतात, शिक्क्यांमुळे उलटीसुद्धा.
म्हणून रात्री अक्षरं मोजली. अकरा हजार.
माझ्या दरानं साडेपाचशे रियाल.
बँकेच्या बक्षिसापेक्षा पन्नास जास्त.

पाचव्या वर्षी बँक दुसऱ्या बँकेत मिसळली.
पितळ उघडं पडलं म्हणावं, तर तेही नाही.
कुणी फोन उचलेना, इतकंच.
दुरुस्तीला आलेलं गलबत माझ्याकडेच राहिलं,
चार नावं, वीस रिकाम्या पट्ट्या.
शुक्रवारी पुसतो. समुद्रावरून आलेली हवा
दुसऱ्या शुक्रवारपर्यंत ते हिरवं करते.

रय्या परवा पुन्हा आली.
तिच्याकडे दर गुरुवारी सहा-सात जणी जमतात,
बक्षीस नाही, पंच नाहीत, खजूर असतो.
पुस्तकांवर मारायला शिक्का हवा होता.
थांबल्या थांबल्या तिनं मेहरूची कथा वाचली,
पेन्सिल मागितली,
आणि दुसऱ्या पानावरच्या आजोबांवर आडवी रेघ ओढली.
हे खरंच झांझिबारला गेले होते?
मी हसलो. माझा बाप हर्णैच्या होडीतही ओकायचा.
मग हे कुठून आले?
मेहरूनं गलबताकडे पाहिलं.

तेव्हापासून पोर संध्याकाळी दुकानात बसते,
वही घेऊन, माझ्या हातांकडे बघत.
मला हात कुठे ठेवावेत कळेनासं झालंय.
काल विचारलं तिनं,
कोरताना पितळ जळतं, त्याचा वास कसा असतो?
म्हटलं, पितळ जळत नाही, पोरी.
वास येतो तो तेलाचा.
तिनं आधीचं खोडलं,
आणि लिहून घेतलं.