धक्क्यावर

एंडेल कास्क बाही वर करून दाखवतो:
कोपरापासून मनगटापर्यंत
जांभळाचा रस सांडावा तसा डाग.
"पडलो नाही, आपटलो नाही.
अकॉर्डियनचा पट्टा तेवढा ओढला."

कुरेसारेच्या चौकात
दुपारी तीनलाच दिवे लागलेत.
मी त्याचा कागद काढते.
वॉरफरिन. अकरा वर्षं तीच गोळी,
तीच मात्रा, रात्रीचे नऊ.
बायको गेली त्या रात्रीही चुकवली नाही म्हणे.
रक्त पातळ, पण बेतानं.

"नवीन काही?"
"छे! या वयात नवीन काय?"
मग ओठांवर हात ठेवून, ओशाळून:
"ते कवळीखाली झोंबत होतं...
तूच दिलंस की. संत्र्याच्या वासाचं जेल."

मीच दिलं.
नऊ दिवसांपूर्वी, याच काउंटरवरून,
सुटे पैसे मोजत, बर्फाबद्दल बोलत.
तोंडात लावायचं, तोंडातच राहील
असं वाटलं असावं. वाटायला काय लागतं.

यकृतात, एंडेल, एक धक्का आहे
कुइवास्तूच्या धक्क्यासारखा.
तुझी गोळी रोज तिथे येते,
फेरीबोटीत चढते, पलीकडे उतरते, संपते.
जेवढी येते तेवढी जाते,
म्हणून तर अकरा वर्षं निभावलं.
जेलनं कुणाशी भांडण केलं नाही.
नुसतं बोटीत जाऊन बसलं
आणि उतरेचना.
तुझी गोळी धक्क्यावर.
परवाची. तिच्यामागे कालची. आजची.
रांग वाढत वाढत गावात शिरली,
गल्ल्यांत, हिरड्यांत,
या हातात.

यातलं मी काहीच बोलत नाही.
एका हातानं रुग्णालयाचा नंबर लावते,
दुसऱ्यानं त्याचं मनगट धरते
हळू,
ओली कागदी पिशवी धरावी तसं.

आकडा आला नऊ.
अडीच असायला हवा होता.
के जीवनसत्त्व, खाट, तीन रात्री.

शुक्रवारी तो आला
धुरी दिलेला लेपा वर्तमानपत्रात गुंडाळून.
"मग चूक कुणाची? गोळीची की जेलची?"
"माझी," मी म्हटलं. "विचारायला हवं होतं."
त्यानं मासा काउंटरवर ठेवला.
तेलाचा डाग बातम्यांवर पसरत गेला.
"मग विचार ना."

"आज आणखी काय काय घेतलंस?"

"चहा," तो म्हणाला.
दारापाशी जाऊन थांबला,
टोपी कानांवर ओढता ओढता:
"कसला, ते सांगू का?"