उतरण्याचा रकाना

शनिवारी सकाळी हँगरचं दार ढकलायला
चार माणसं लागतात
आणि पाचवा, "अजून थोडं" म्हणायला.
पाचवा म्हणजे केस्टुटिस. तो विंच चालवतो.
गवतावर दव असतं. ग्लायडर ओढता ओढता
सगळ्यांचे बूट भिजून काळे होतात.

माझ्याकडे टेबल, छत्री, घड्याळ आणि वही.
आठवडाभर औषधांच्या दुकानात
मी लोकांना गोळ्या मोजून देते, इथे मिनिटं.
कोण गेलं, कधी गेलं, कधी उतरलं.
तीन रकाने. बस.

सकाळी हवेत जीव नव्हता.
वर गेलेला प्रत्येक जण पाच मिनिटांत
भोज्ज्याला शिवून आल्यासारखा परत.
मैदानाच्या त्या टोकाला विंच गुरगुरतो,
गवतातली तार सरळ होते,
पंखाचं टोक धरून धावणारा पोरगा
सहा पावलांत मागे पडतो
आणि चाळीस वर्षांचा पत्रा एकाएकी
स्वतःचं वजन विसरतो.
मग वर कुठेतरी तार सुटल्याचा खट्.
मग काहीच नाही.
ते काहीच नाही इथवर ऐकू येतं, खरंच.

दुपारी बिटाचं थंड सूप, गुलाबी,
त्यात शेपू, सोबत वाफाळते बटाटे.
विटेनिसचा चमचा अर्ध्यात थांबला.
"करकोचे."
लिथुआनियात करकोचे रस्त्यावरच्या दिव्यांइतके सवयीचे,
त्यांच्याकडे कोण बघतं?
पण कापलेल्या गव्हावर सात जण
पंख न हलवता वर चालले होते,
रवीभोवती लोणी फिरावं तसे.
सूप तसंच राहिलं.

रिमान्टे, वय एकोणीस, एकटी.
दोन वाजून चौदा मिनिटं. मी लिहिलं.
ती थेट करकोच्यांत शिरली.
त्यांनी सरकून जागा दिली,
निदान खालून तसं वाटलं.
मग एक ढग, मग पुढचा ढग,
मग आम्ही माना चोळत उभे,
आणि आकाशातला कुठलाच ठिपका
तिचा म्हणून ठरवता येईना.

बाकीचे येत गेले. ओळी भरत गेल्या.
सहा वाजता केस्टुटिसनं विंच बंद केला
आणि टायरवर बसून राहिला.
तिला त्यानंच शिकवलं.
दोन वर्षं झाली, तो स्वतः उडत नाही.
कारण तो सांगत नाही.
त्याच्या गोळ्या मीच देते, म्हणून मीही विचारत नाही.
वहीत एकच चौकोन पांढरा होता,
अंगठ्याच्या नखाएवढा.
मी त्यावर पेन ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

सात चाळीसला फोन.
"मी बरी आहे. कुरणात आहे.
एक गाय माझ्याकडे बघतेय."

अडतीस किलोमीटर, शेवटचे सहा खडीचे.
मागे रिकामा ट्रेलर उड्या मारत.
कुरणाच्या फाटकाशी अपोलोनिया आजी, डोक्याला रुमाल,
कुणी न सांगता राखण करत उभी.
"पोरीचं पेट्रोल संपलं का?"
"आजी, त्यात पेट्रोल नसतंच."
"मग संपलं काय?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
केस्टुटिस म्हणाला, "दुपार."
"ती तर रोजच संपते," म्हणत आजीनं
त्याच्या हातात काकड्या दिल्या, मधाची बाटली दिली.

पंख सुटे करून आम्ही तिघं तिघं
आजारी माणसाला नेतात तसे ट्रेलरकडे नेत होतो.
केस्टुटिस कॉकपिटमध्ये जाऊन बसला.
ब्रेक धरतो, म्हणाला.
कुरण सपाट होतं.

"किती वाजता उतरलीस?"
रिमान्टेनं घड्याळ बघितलंच नव्हतं.
तिचे गाल भाजलेले, ओठ फुटलेले,
ती काकडी खात नुसती हसत होती.
आजी म्हणाली, "मला ठाऊक आहे.
दुसरी बादली भरायची होती तेव्हा."

अध्यक्ष सोमवारी वही तपासतात. विचारतील.
उतरली: दुसरी बादली भरायच्या आत.
अक्षर जरा वाकडं आलंय.
गाडी चालू होती, रस्ता खडीचा होता.