निळी डफल बॅग

उद्या भावनगर. बस पहाटे साडेचारला.
पलंगावर बॅग आ वासून बसली आहे.
तिला एरंडेलाचा वास येतो, सतरा वर्षांचा.
मल्लखांबाच्या पोरींची बाई मी,
मलाही तोच येतो,
म्हणून आमचं भांडण नाही.

तळाला वर्तमानपत्र, गुजरातीच.
मराठी कागदाची शाई सुटते असं माझं एक मत आहे,
कुणी तपासलं नाही म्हणून टिकलेलं.
राळेची पुडी दोन पिशव्यांत.
एकदा एकीतच ठेवली, तर राजकोट येईपर्यंत
माझे तीन ड्रेस मिळून एक लाडू झाला होता.
तेलाची बाटली उभी, बुचावर प्लास्टिक,
प्लास्टिकवर रबर,
रबरावर विश्वास नाही, म्हणून सगळं मोज्यात.
आणि वर वीतभर जागा रिकामी.
येताना पोरी काहीबाही गळ्यात मारतातच:
ओला टॉवेल, उरलेले गाठिये,
कधी एखादा कप, कान तुटलेला.

मशीनमध्ये घालायची नाही.
हिरलच्या आईने एकदा प्रेमाने धुऊन दिली,
अस्तर पापडासारखं सुटलं.
रिठ्याच्या पाण्याने पुसायची, पालथी वाळवायची,
सावलीत. उन्हात निळा रंग म्हातारा होतो.
पट्टा दांडिया बाजारात कनुभाईंनी शिवला,
"बेन, बॅग फाटशे, आ टांको नहीं."
ते खरं ठरत चाललंय.

चेन मात्र.

चेनचं सांगायचं तर
त्या वर्षी सुरतहून येताना मेमूत
वरच्या फळीवर दोन निळ्या बॅगा होत्या.
घडियाळी पोळात घरी येऊन उघडली
तर आत माझं काहीच नाही.

पत्ता शोधायला म्हणून मी हात घातला.
पत्ता वरच्याच खिशात होता:
इक्बाल घांची, फ्रिज रिपेरिंग, गोध्रा, आणि नंबर.
तिथेच थांबायला हवं होतं.
थांबले नाही.
तांब्याच्या नळीचं वेटोळं, गॅसचं मीटर,
एक लुंगी, तिची पोळीच्या सुरळीसारखी गुंडाळी,
शर्टांच्याही तशाच, एकाशेजारी एक,
आणि सगळ्यांच्या मधे, चेपू नये म्हणून,
लहान मुलीचा पिवळा फ्रॉक,
किमतीची चिठ्ठी अजून गळ्याशी.
मी किंमतही वाचली.

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनवर आले,
पार्सल ऑफिसच्या पायरीवर, माझी बॅग मांडीवर,
मांजर धरावं तशी.
"बेन, चेन रडती हती," म्हणाले.
हँडलखालच्या चिठ्ठीवर नाव होतंच, वैजयंती खानविलकर,
त्यामुळे उघडायचं कारण नव्हतं.
घरातली मेणबत्ती घेऊन
बाहेरूनच, दातांवरून, टोकापासून टोकापर्यंत
घासली होती.
चार बोटं उघडून बघितली, चालते का,
आणि परत लावून टाकली.
"अंदर नथी जोयुं."

मी म्हटलं, मीही नाही.

चहा त्यांनीच पाजला.
गाडीला वेळ होता, मुलीचं नाव सांगितलं, सना.
मी विचारलं, "किती वर्षांची?"
जणू मला मापाचा अंदाजच नव्हता.

तेव्हापासून बाहेरच्या कप्प्यात मेणबत्तीचं बोटुक असतं.
महिन्यातून एकदा घासते, पोरींनाही शिकवते,
"ओढायचं नाही, चेनला, चालवायचं."
कपडे मात्र अजून घडी घालूनच भरते,
आईने शिकवलेली, चौकोनी, कडक.

त्या रात्री लुंगी, शर्ट, फ्रॉक
सगळं मी परत भरलं होतं, नीट,
माझ्या हाताला येते तशी चौकोनी घडी घालून.
गोध्र्याला पोचून त्यांनी बॅग उघडली असेल.

नंबर अजून आहे माझ्याकडे.
साडेतीनचा गजर लावते.