ओ

खसबच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे
चहा पिताना पोरं विचारतात, धाकटूकाका, ते कसं होतं?
मी पेला खाली ठेवतो आणि आधी दात सांगतो.
दात मी दिले त्याला. हर्णैला, एका सुट्टीत,
पुतणी जेवेना म्हणून.
खवले खल्फान नाखुदाचे, तो दर रमजानात थोडे वाढवतो.
बोटांमधली कातडी बहुतेक मुरादची,
ज्यानं त्या रात्री वर बघितलंच नव्हतं,
कांदा चिरत होता.

माझ्याकडचं, अगदी माझं, एवढंच:
इंजिन बंद. फिल्टरमध्ये पाणी.
तेलकट हातांनी मी वर आलो तर
डोंगर दोन्हीकडून समुद्रात उतरलेले, काळे, गुडघ्यापर्यंत,
आणि डाव्या अंगाला कुणीतरी हाक मारत होतं.

खल्फान म्हणाला, हे माणूस नव्हे. हे पाण्याचं.
माणसासारखं रडतं, वर घेतलं की खातं.
माझ्या आज्याचा सख्खा भाऊ असाच गेला.
आणि मला आमच्याकडचं आठवलं:
रात्री तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही.
त्यांना दोनच येतात.
म्हणून मी मोजत बसलो.
एवढं सोपं होतं ते, मोजत बसणं.

हाका दोन होत्या.
पोरांना मी दोनच सांगतो.
पहाटे लघवीला उठलो की अडीच असतात.
तिसरीचं तोंड उघडतं आणि इंजिन सुरू होतं,
मीच सुरू केलेलं.

दोन वर्षांनी कस्टमच्या खिडकीशी, शेळ्यांच्या पावत्यांसाठी रांगेत,
काचेला आतून चिकटवलेला एक कागद दिसला, उन्हानं विटलेला.
मुरादनं वाचून दाखवला, बोट फिरवत:
पलीकडच्या किनाऱ्याचा मुलगा, वय एकोणीस,
स्पीडबोटीवरून बेपत्ता. अंगात पिवळा शर्ट.
तारीख शाईसकट उडालेली.

त्याआधी मी डोळे पिवळे सांगायचो का?
पुतणीला फोन करून विचारलं. ती म्हणते, हिरवे.
मुराद म्हणतो, तू पहिल्यापासून पिवळेच सांगतोस.
मुरादनं वर बघितलं नव्हतं.

बरं, नसेलही तो पोरगा.
असेल तेच, खवल्याबिवल्यांचं.
मग काय? बुडत तेही असेल.
हाक मारायला त्याला आपलाच आवाज सापडला,
यात लबाडी किती आणि अडचण किती,
हे त्याला विचारायचं तर
आधी ओ द्यावी लागते.

खल्फान आता इस्पितळात. एक पाय साखरेनं नेला.
परवा माझा हात धरून म्हणाला,
आपण दोर टाकला होता ना? तूच टाकलास.
त्यानंच धरला नाही.
आणि खरं सांगतो, माझ्या तळव्याला काथ्या आठवला,
ओला, टोचरा, पलीकडच्या टोकाला जरासं वजन.
मी हो म्हणालो. आजारी माणूस.

लाँचवर तेव्हा निळा नायलॉन होता.
सकाळी गुंडाळी कोरडी होती,
तिच्यावरच बसून मी चहा प्यालो.
निदान कुणीतरी बसलं होतं.

पोरं पुन्हा जमतील, शुक्रवार आहे.
दोर सांगावा म्हणतो या वेळी.
दातांच्या आधी की नंतर, ते बघतोय.