निरीक्षण क्रमांक सात

नियम पहिल्याच तासाला सांगितले होते:
खुर्ची भिंतीला लावून बसा, वीस मिनिटं.
दिसेल ते लिहा. वाटेल ते लिहू नका.
मूल जवळ आलं तर हसा,
खेळात शिरू नका.

डंडीतल्या चढावरची ही बालवाडी.
खिडकीत टे नदीचा एक राखाडी तुकडा,
हुकांवर ओली जाकिटं,
प्रत्येक हुकावर नावाऐवजी चित्र.
युस्तेची गोगलगाय.

युस्ते, वय तीन वर्षं सात महिने.
घरी लिथुआनियन. आई रासबेरीच्या
प्लास्टिकच्या बोगद्यांत कामाला.
सप्टेंबरपासून इथे येते, आणि इथे एक शब्द नाही.
पुस्तकात याला नाव आहे: मौनाचा काळ.
मूल ऐकत असतं, साठवत असतं,
घाई करू नये, पान एकशे बारा.
सेमिनारात मीही साठवतेच आहे,
मागच्या रांगेत, स्वेटरच्या बाहीत बोटं ओढून.

निरीक्षण एक ते सहा: शून्य, शून्य,
एकदा खोकला. मी खोकलाही लिहिला.

आज, दहा वाजून चौदा मिनिटं.
स्वयंपाकघरातली मोरीन बशी घेऊन वाकते,
आणखी हवी का पेअरची फोड?
युस्ते फोडीकडे बघते, मोरीनच्या घड्याळाकडे बघते,
आणि म्हणते, खणखणीत:
आय.

इथे सगळेच ‘हो’ला असं म्हणतात.
बसवाला, पोस्टातला माणूस, मोरीन.
पहिल्या आठवड्यात मी दचकायचे,
हे दाढीवाले बाप्ये कुणाच्या आईला हाका मारतायत!
कारण आमच्या शिरोळकडे आय म्हणजे आय,
दारात बसून मिश्री लावणारी.
तिची आई झाली पुण्यात,
डी.एड.च्या वसतिगृहात, एका रात्रीत,
मुली हसल्यावर.

दहा पंधरा.
शिकाऊ कर्स्टी मायेनं, खरंच मायेनं म्हणते:
येस, प्लीज. म्हण बरं. येस, प्लीज.
युस्ते फोड खाली ठेवते.

लिही. दिसेल ते लिही.
फोड खाली ठेवली. ओठ आत घेतले.
मग पेन अडलं, कारण पुढे जे दिसलं
ते या खोलीतलं नव्हतं.
दुसरीचा वर्ग. भैरू शिंगाडे.
गृहपाठ केलास का?
व्हय बाई.
व्हय नाही, भैरू. हो म्हणायचं. हो.
तेही मायेनंच. तपासणीला साहेब येणार होते.
त्यानंतर भैरू मान हलवायचा.
वर्षभर नुसती मान.
आणि प्रगतिपुस्तकात मी लिहिलं:
मुलगा लाजाळू आहे.

निबंधात हे बसत नाही.
दोन हजार शब्द, संदर्भयादी सोडून,
आणि भैरू कुठल्याच संदर्भयादीत नाही.
मी लिहिलं: बालिकेने होकारार्थी स्थानिक शब्द वापरला.
प्रौढाने प्रमाण रूप सुचवले.
बालिका गप्प झाली.
डॉक्टर गथ्रींनी समासात हिरव्या शाईत विचारलंय,
नंतर काय? तुमचं विश्लेषण कुठे आहे?

नंतर मोरीन परत आली,
काही न विचारता बशी तिथेच ठेवून गेली.
वीस मिनिटं संपली होती. नियमाप्रमाणे मी उठले.
जाकीट घ्यायला गेले तर
गोगलगायीखाली ती उभी,
हनुवटीवरून पेअरचा रस ओघळतोय.
मी हसले. तेवढं चालतं.
मग ती बोलायला लागली. लिथुआनियन.
लांबलचक, हातवारे करत, मध्येच श्वास घेत,
शेवटी आवाज वर गेला
म्हणून प्रश्न असावा असं धरायचं.
मला एक अक्षर कळलं नाही.
व्हय, म्हटलं मी.